हौसाकाकीचा गीझर

हौसाकाकी भांडायला निघायची तेव्हा आधी आवरायची. दुपारची भांडी झाली की ट्रंकेतलं हिरवं इरकल काढायची, केसांना पाण्याचा हात लावून ते चापून बसवायची, कपाळावरचं कुंकू पुसून नव्यानं मोठं लावायची आणि डोक्यावरून पदर घेऊन उंबऱ्याबाहेर पडायची. कुणाला वाटावं, बाई लग्नाला चालली आहे. पण मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात तिला ओळखत नाही असं कुणी नव्हतं. सण नाही, कार्य नाही आणि हौसाकाकी इरकल नेसून चालली आहे म्हटल्यावर समोरची शिंपीण मशीनचं चाक थांबवून विचारायची, "आज कुणाची पाळी?" काकी न थांबता सांगायची, "रेशनवाल्याची." किंवा, "नळवाल्याची." फारच तापलेली असली तर नुसतंच, "आल्यावर सांगतो."

समोरच्याच्या दारात पोचली की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "मी भांडाय आलो न्हाय, सांगाय आलोय." त्यानंतर ती जे सांगायची ते रस्त्याच्या दोन्ही टोकांना ऐकू जायचं.

एकदा मी तिला विचारलं, "काकी, भांडायला जाताना नटतेस कशाला?" ती म्हणाली, "अगं बया, घरातल्या लुगड्यावर गेलं की लोक म्हनत्यात, तापलीया, घटकाभरानं थंड हुईल. नटून गेलं की त्यांस्नी कळतंय, ही ठरवून आलीया."

काकी जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्याबद्दल बोलताना आमचे नातेवाईक हसतात. तिच्या भांडणांच्या गोष्टी लग्नाच्या पंगतीत रंगवून सांगतात आणि त्यात तो गीझरचा किस्साही हमखास असतो. तो असा हसत हसत सांगितलेला ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. म्हणूनच तो आज मी सांगणार आहे. तो मुळात हसण्यासारखा नव्हता.

ती माझ्या थोरल्या चुलत्यांची, अप्पांची बायको. माझे आईवडील नेसरीला शेती करत. हायस्कूलसाठी मला कोल्हापूरला अप्पांकडे ठेवलं आणि मी तिथलीच झाले. अप्पा-काकींना मूल नव्हतं. म्हणजे एक झालं होतं, लग्नानंतर लवकरच, गावाकडच्या घरात. ते महिन्याच्या आतच गेलं. घरातल्या म्हाताऱ्या बायकांनी सांगितलं, बाळंतिणीच्या खोलीत वारं आलं, पोराला वारं लागलं, खिडकी उघडी ठेवली होतीस ना, भोग आता. हे मला काकीनं कधी सांगितलं नाही. आईनं सांगितलं, तेही पुष्कळ उशिरा. त्या म्हाताऱ्यांपैकी कुणी आज हयात नाही, नाहीतर मीही एकदा इरकल नेसून गेले असते.

काकीनं मला रागावून रागावून वाढवलं. वेणी घालताना रागवायची, वाढताना रागवायची, मला ताप आला तर तापावर रागवायची. "दुसरं घर मिळालं न्हाय व्हय रं तुला?" असं माझ्या कपाळावरच्या पट्टीकडे बघून म्हणायची. मी अकरावी झाले त्या वर्षी नेसरीहून वडिलांनी माझ्यासाठी स्थळ बघितल्याचा निरोप आला. काकीनं निरोप ऐकला, ट्रंक उघडली आणि एसटीनं थेट नेसरी गाठली. वडिलांपुढे बसून आधी पोटभर भाकरी खाल्ली, मग म्हणाली, "मी भांडाय आलो न्हाय भाऊजी, सांगाय आलोय. पोरगी मास्तरीण हुनार हाय. त्येच्या आधी तिच्या लग्नाचं नाव काढलं तर मी हितनं हालनार न्हाय, तुमचंच जेवन खाईन आनि तुमालाच शिव्या दीन." मी डी.एड. केलं, नोकरीला लागले आणि मगच लग्न करून मिरजेला गेले, ते तिच्यामुळे.

आता गीझर. कोल्हापुरात गॅस आला तेव्हा अप्पांनी नंबर लावून सिलिंडर घेतला आणि उत्साहाच्या भरात शेगडीबरोबर गॅसवरचा गीझरही आणला. आमच्या बोळातला तो पहिलाच. काकीनं सुरुवातीला त्याच्याशीही भांडण काढलं. तिचा तांब्याचा बंब जिन्याखाली गेला म्हणून ती रुसली होती. पण नळ फिरवला की कढत पाणी येतंय हे अंगवळणी पडल्यावर तीच त्याची कौतुकं सांगू लागली. बायका बघायला आल्या की न्हाणीचं दार उघडून म्हणायची, "बघा. धूर न्हाय, फुकनी न्हाय, काय न्हाय."

दहा-अकरा वर्षांत त्या गीझरची पार रया गेली. पेटवताना भप्प करून जाळ बाहेर यायचा. एकदा त्यानं काकीच्या भुवईचे केस जाळले. पूर्वी निळा असणारा जाळ पिवळा झाला होता, भिंतीवर छतापर्यंत काजळी चढली होती आणि पाणी मनाला येईल तसं कधी कढत, कधी कोमट. काकी अप्पांच्या मागे लागली. अप्पा शांत माणूस. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "पाणी तापतंय न्हवं? मग झालं." अप्पांवर माझा जीव होता, पण या एका वाक्यासाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. आपल्याकडचे पुरुष घरातली वस्तू पूर्ण मोडेपर्यंत तिच्याकडे बघत नाहीत आणि मोडली की बायकोकडे बघतात.

त्या साली मला दिवस होते. पहिलं बाळंतपण. आईला शेती-जनावरांतून बाळंतपण काढायला सवड होईना, म्हणून बाळंतपण कोल्हापुरात काकीकडे ठरलं. काकीनं एक दिवस न्हाणीत उभं राहून त्या गीझरला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "पोरगी बाळंत व्हायच्या आधी ह्येला डाक्टर दावायचा. असल्या भडकणाऱ्या वस्तूपाशी मी बाळंतिणीला बसवनार न्हाय." आणि इरकल निघालं.

ज्या दुकानातून गीझर घेतला होता ते मोठ्या रस्त्यावर होतं. मालक सफारी घालणारा, तोंडात साखर असणारा माणूस. "या काकी, बसा, चहा सांगू?" सर्व्हिसिंगचं नाव काढल्यावर म्हणाला, "त्यात काय, उद्या सकाळी माणूस पाठवतो." दुसऱ्या दिवशी काकी मंडईला गेली नाही, शेजारच्या हळदीकुंकवाला गेली नाही, दाराकडे तोंड करून गहू निवडत बसली. कुणी आलं नाही. ती पुन्हा गेली. मेकॅनिक कोडोलीला गेलाय. पुन्हा गेली. शाहूवाडीकडं एका डॉक्टरांच्या घरी मोठं काम निघालंय. पुन्हा गेली. पुण्याहून पार्ट यायचाय. "बघितल्याबिगर कसला पार्ट पायजे ते तुमाला कळलं कसं?" काकीनं विचारलं. मालक हसला आणि म्हणाला, "काकी, तुम्ही फार हुशार आहात."

मला त्या हसण्याचा आजही राग येतो. विकायच्या वेळी याच माणसाची माणसं घरी येऊन गीझरला हार घालून गेली होती, नारळ फोडून गेली होती. आता तोच गीझर त्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हता.

शेवटी काकीनं दुकानातच ठाण मांडलं. त्या दिवशी मीही तिच्याबरोबर होते, पोट सांभाळत स्टुलावर बसले होते. कोडोलीकडचं एक जोडपं नवा गीझर बघायला आलं. मालक त्यांना गुण सांगू लागला. काकीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "पावणं, घेताय व्हय? घ्या की. लई झ्याक वस्तू हाय. फकस्त बिघडली की ह्यांच्या दारात आसं माज्यावानी येऊन बसावं लागतंय. तुमचं गाव लांब, तवा येताना भाकरी बांधून आना."

जोडप्यानं एकमेकांकडे बघितलं आणि ते बाहेर पडलं. मालकाच्या तोंडातली साखर संपली. "काकी, धंद्याची वेळ आहे ही!"

"माजी बी येळ हाय. पोरगी आज-उद्या बाळंत हुतीया. ही बघा, हितं बसलीया."

मालकानं देवाची शपथ घेऊन परवाचा वायदा केला. परवा गेला, त्याच्या पुढचेही दिवस गेले. मी बाळंत झाले, मुलगा झाला, दवाखान्यातून घरी आले, तरी गीझर तसाच भपकत होता.

मी घरी आल्या दिवसापासून काकीनं घराची सूत्रं हातात घेतली. थंडीचे दिवस होते. माझ्या खोलीच्या खिडक्या बंद, दाराला गोधडी. न्हाणीला वरच्या बाजूला एक लहान खिडकी होती, तिची एक काच कधीची फुटलेली. काकीनं त्या खिडकीत पोत्याची घडी कोंबली, तिच्यावर अप्पांची जुनी घोंगडी ठोसली आणि उरलेल्या फटींवर खळ लावून कागद चिकटवले. दाराच्या फटीलासुद्धा चिंधी लावली. आमच्याकडे बाळंतिणीच्या न्हाणीत असंच करतात. आपली आई करते, तिची आई करत होती. फरक एवढाच, की त्यांच्या न्हाणीत पाणी बाहेरच्या चुलीवरून तापून यायचं आणि आमच्या न्हाणीत जाळ आतच होता. हा फरक आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आला नाही.

आणि मग एका सकाळी मेकॅनिक आला. दस्तगीर नावाचा, उंच, हाडकुळा, खांद्याला खाकी पिशवी. तो गोड बोलणाऱ्यांतला नव्हता. दारातूनच म्हणाला, "दुकानात येऊन गिऱ्हाइकं पळवनाऱ्या बाई त्या तुमीच व्हय?"

"मीच. किती दीस झालं सांगतोय मी!"

"मला आज सांगितलं मालकानं. आज. इतके दीस मला म्हाईत बी न्हाय."

हे मी आतून ऐकलं. म्हणजे कोडोली नाही, शाहूवाडी नाही, पुणं नाही. त्या माणसानं आपल्या मेकॅनिकला सांगितलंच नव्हतं.

दस्तगीर न्हाणीत गेला, गीझर पेटवून बघितला, झाकण काढलं. मग त्याची नजर वर खिडकीकडे गेली आणि त्याचे हात थांबले. "हे काय?" त्यानं विचारलं.

"काय म्हंजे? बाळंतीण हाय घरात."

"ते पोतं आधी काडा. मगच मी हात लावनार."

"ते न्हाय निघनार."

"आवो, जाळ पिवळा झालाय, आत सगळी काजळी बसलीया. ह्याचा वायू बाहीर जायाला वाट पायजे. खिडकी बंद ठिवून ह्यो चालवला तर मानूस आतल्या आत निजंल. म्या सफाई केली तरी बी खिडकी उघडी पायजे."

"आनि वारं?" काकीचा आवाज चढला. "वारं लागलं तर? बाळंतिणीच्या अंगात वारं शिरलं, पोराच्या अंगात शिरलं तर तू येनार हाईस निस्तराय?"

"वाऱ्यानं कोन मरत न्हाय!"

हे त्यानं म्हणायला नको होतं. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. पण काकीचं जे काही आत होतं ते त्या वाक्यानं पेटलं. इतके दिवस ज्याची वाट बघितली, ज्याच्यासाठी दुकानात ठाण मांडलं, त्या माणसावर ती अशी तुटून पडली की बोळ गोळा झाला. "वाऱ्यानं मरत न्हाय? तू कोन सांगनारा? माजं काय गेलंय तुला म्हाईत हाय?" अप्पा मध्ये पडायला गेले, "हौसा, आईक तरी त्याचं..." "तुमी गप बसा! पानी तापतंय न्हवं तुमचं?" मी खोलीतून ओरडून म्हटलं, "काकी, थोडी उघडू या की खिडकी!" तिनं तिथूनच उत्तर दिलं, "बाळंतीण हाईस, मोठ्यानं बोलू नगंस, टाके तुटतील."

दस्तगीरही तापट. तो म्हणाला, "मग म्या गॅस बंद करून जातो," आणि सिलिंडरकडे वळला. काकी सिलिंडरपुढे उभी राहिली. परक्या बाईच्या अंगाला हात कसा लावणार? त्यानं हत्यारं पिशवीत भरली. उंबऱ्यावर थांबून एवढंच म्हणाला, "ह्या न्हाणीत पोराला घिऊन बसू नगा. म्या सांगितलंय, ध्यानात ऱ्हाऊ द्या." काकीनं त्याच्या तोंडावर दार लावलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी घडलं ते.

बाळाला काकीच न्हाऊ घालायची, बाई ठेवायची नाही असा तिचा हट्ट होता. पाटावर बसून पाय लांब करायचे, त्यावर बाळाला निजवायचं, गीझरखाली बादली लावून ठेवायची आणि पाणी घालता घालता त्याच्यावर रागवायचं. "काय बघतोस रं टकाटका? मामलेदार हाईस व्हय? मान धर. मान धर म्हनतोय न्हवं!" खोलीत पडल्या पडल्या हे ऐकणं हा माझा रोजचा विसावा होता. त्या दिवशीही ती अशीच बोलत होती आणि मी डुलकत होते. मग माझ्या ध्यानात आलं, की ती बोलत नाही.

काकीचा आवाज थांबला होता. नुसतं पाणी पडत होतं.

मी हाक मारली. पुन्हा मारली. उठून दाराशी गेले, दार वाजवलं. आतून कडी. अप्पा दाढी करत होते, ते तोंडाला साबण तसाच घेऊन आले आणि त्यांनी खांदा देऊन दार पाडलं. आत वाफ कोंडली होती. काकी भिंतीला टेकून बसली होती, तोंड उघडं, मान एका बाजूला. बाळ तिच्या पायांवर होतं. त्याचीही मान पडली होती.

मी त्याला उचललं आणि बाहेर पळाले. सरळ अंगणात, उघड्यावर, थंडीत, डोक्याला काही नाही, पायात काही नाही. ज्या वाऱ्याला आमच्या घरानं इतके दिवस कोंडून ठेवलं होतं त्या वाऱ्यात मी त्या ओल्या पोराला धरून उभी राहिले. तो रडेना. समोरची शिंपीण धावत आली, तिनं त्याचे तळपाय चोळले, टिचक्या मारल्या. मी त्याला हलवत होते आणि तोंडात नाव येईल त्याला शिव्या देत होते. गीझरला, दुकानदाराला, अप्पांना, काकीला. मग तो रडला. अगदी बारीक, चिरका आवाज. त्याहून सुंदर आवाज मी जन्मात ऐकलेला नाही.

अप्पांनी काकीला ओढून बाहेर आणलं होतं; दोघांनाही दवाखान्यात नेऊन ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी बजावलं, की आणखी थोडा वेळ गेला असता तर दोघंही हाती लागली नसती. काकी संध्याकाळपर्यंत शुद्धीवर आली. डोळे उघडल्या उघडल्या म्हणाली, "पोरगं?" मी म्हटलं, "बरा आहे. दूध प्यायला." तिनं डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर दवाखान्यात असेपर्यंत ती कुणाशी बोलली नाही. नर्सनं इंजेक्शन चुकीच्या हाताला दिलं तरी बोलली नाही.

दवाखान्यातून सोडल्यावर ती आधी घरी आलीच नाही. ती कुठे गेली होती हे मला दस्तगीरनं नंतर सांगितलं. ती पत्ता विचारत त्याच्या घरी गेली. दवाखान्यातल्या चुरगळलेल्या लुगड्यावर, केस सुटलेले. "मी सांगाय आलोय" हे वाक्यसुद्धा तिनं म्हटलं नाही. त्याच्या दारात उभी राहून एकदम ओरडली, "तू माजं का ऐकलंस?"

दवाखान्याची बातमी दस्तगीरच्या कानावर आली होती. काकी ओरडतच राहिली. "एक बाई वराडली म्हनून माघारी गेलास? ढकलायचं हुतंस मला! चार मानसं बोलवायची हुतीस! खिडकी फोडायची हुतीस! तुला म्हाईत हुतं आनि तू माजं ऐकलंस?"

"आनि वारं लागून काय झालं असतं तर?" तोही ओरडला. "माज्याच नावानं शिमगा केला असता की तुमी गावभर!"

"केला असता! करू द्यायचा हुतास! शिमग्यानं कोन मरत न्हाय!"

मग दस्तगीरनं आवाज खाली आणून विचारलं, "आवो, पोरगं कसं हाय?" त्यावर काकी त्याच्या पायरीवर बसली. त्याच्या आईनं तिला पाणी दिलं. ते पिऊन ती उठली आणि म्हणाली, "चल. आता तू म्हनशील तसं."

तो लगेच आला. त्यानं पोतं, घोंगडी उपसून काढली, कागद खरवडले. गीझर भिंतीवरून उतरवला, अंगणात सगळा खोलून काजळी साफ केली, जाळ्या बदलल्या आणि तो पुन्हा न्हाणीत न लावता मागच्या अंगणात, छपराखाली, उघड्यावर टांगला. नळी तेवढी भिंतीतून आत घेतली. जाळ पुन्हा निळा झाला. इतकंच काम होतं. एका सकाळचं काम, आणि त्यासाठी एक बाई महिनाभर दुकानाच्या पायऱ्या झिजवत होती.

दुकानमालकही आला, पेढ्यांचा पुडा घेऊन. बोळात चर्चा झाली होती, त्याला आपल्या नावाची काळजी. मी तो पुडा हातात घेतला नाही. म्हटलं, "तुम्ही वेळेवर माणूस पाठवला असता तर आम्ही खिडकी बंद करायच्या आधीच काम झालं असतं." तो म्हणाला, "ताई, माणूस आला होता की. तुमच्याच घरच्यांनी हाकलला." माझा संताप संताप झाला. तो खरं बोलत होता आणि तरीही तो खोटा होता. मी काकीकडे बघितलं. आता ही बोलेल, आता याला दाराबाहेर घालवेल. काकी खाली मान घालून म्हणाली, "खरं हाय त्यांचं."

हे तिच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, आणि नको त्या माणसापुढे ऐकलं.

त्या दिवसापासून तिनं बाळाला हात लावला नाही. स्वयंपाक करायची, माझं पथ्यपाणी बघायची, त्याची दुपटी धुऊन वाळत घालायची, पण त्याला घ्यायची नाही. तो शेजारी रडत असला तरी मला हाक मारायची, "सुमे, तुजं पोरगं रडतंय." न्हाऊ घालायला अप्पांनी एक बाई लावली. ती आली की काकी मागच्या अंगणात जाऊन गीझरचा जाळ निळा आहे का ते बघत उभी राहायची. बोळात भांडणं झाली तरी हिचा आवाज नाही. रेशनवाल्यानं किडके गहू दिले ते तिनं मुकाट्यानं निवडले. भेटायला येणारे नातेवाईक म्हणायचे, "हौसाबाई बऱ्या थंड झाल्या की." आणि हसायचे. मला त्यांना हाताला धरून बाहेर काढावंसं वाटायचं. घरातलं माणूस आतून विझत चाललंय आणि यांना शांतता झाल्याचं बरं वाटत होतं.

मला न्यायला आमचे हे मिरजेहून आले. स्टँडवर जायला रिक्षा बोळाच्या तोंडाशी उभी होती. काकीनं माझी ओटी भरली, कुंकू लावलं, डिंकाच्या लाडवांचा डबा पिशवीत ठेवला. मग बाळाकडे लांबूनच बघितलं आणि कानशिलावर बोटं मोडली.

"काकी, घे त्याला," मी म्हटलं.

"नगं."

"जायच्या आधी एकदा घे."

"माज्या हाताला भरवसा न्हाय आता. तू जा. गाडी चुकंल."

मी तिला कधी उलट बोलले नव्हते. माझ्यापाशी रागाची कमतरता होती म्हणून नव्हे, त्या घरात रागाची जागा तिनं भरून टाकलेली होती म्हणून. पण त्या क्षणी माझं डोकं फिरलं. मास्तरकी, पुस्तकी भाषा, दारात उभे असलेले हे, अप्पा, समोरची शिंपीण, काही ध्यानात राहिलं नाही. मी ओरडले.

"चुकलीस! व्हय, चुकलीस तू! मी काय न्हाय म्हनत न्हाय! त्यो दुकानदार चुकला, अप्पा चुकले आनि तू बी चुकलीस! मग? चूक तुझी आनि शिक्षा माझ्या पोराला व्हय? त्यानं काय केलंय? त्याला आज्जी नगं व्हय?"

आणि मी दुपट्यात गुंडाळलेलं पोर तिच्या अंगावर टाकलंच म्हणायचं. तिला हात पुढे करावेच लागले. ती त्याला घेऊन उंबऱ्यावर खाली बसली. बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग त्याच्या टोपीची नाडी सैल होती ती तिनं नीट बांधली.

"किती वराडतीस गं सुमे," ती हळू म्हणाली. "पोरगं भ्यालं की."

तो भ्याला नव्हता. तो तिच्याकडे टकाटका बघत होता. बोळाच्या तोंडाशी रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. एकदा वाजवला, दोनदा वाजवला. काकीनं पोराचे कान हातानं झाकले, मान वर केली आणि पेठेच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडली,

"ए! थांब की जरा! दिसत न्हाय व्हय, नातू घिऊन बसलोय ते!"